गाडीच्या विम्याचा भाव कोण ठरवतो?

'विमा' हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. मूळ शब्द 'बीम', म्हणजे भीती, धास्ती. पोर्तुगीजांचा शब्द मात्र अगदी उलट टोकाचा. 'सेगुरो' म्हणजे विमा, आणि 'सेगुरो' म्हणजेच सुरक्षित, निर्धास्त. एकाने भीतीलाच नाव दिलं, दुसऱ्याने भीती गेल्यानंतरच्या अवस्थेला. गोव्याच्या वाट्याला इतिहासाने दोन्ही शब्द दिले. गाडीच्या विम्याचं नूतनीकरण जवळ आलं की आपल्या मनाची अवस्था यातल्या कोणत्या शब्दाच्या जवळची असते, ते ज्याचं त्याने ठरवावं.

हल्ली चहाच्या टेबलावर एक प्रश्न हमखास निघतो. गाडी एकच, मॉडेल एकच, वर्षही एकच. मग तीन कंपन्यांचे तीन भाव कसे? आणि त्यातला स्वस्त कुठला खरोखर स्वस्त? याचं उत्तर कोष्टकात सापडेल असं वाटतं, पण ते अर्धंच सापडतं. उरलेलं अर्धं इतिहासात आहे, आणि तो इतिहास मोटारींच्या कितीतरी आधी, समुद्रावर सुरू होतो.

चौदाव्या शतकात पोर्तुगालमध्ये राजा फेर्नांदु (कारकीर्द १३६७ ते १३८३) याने एक कायदा केला. लिस्बन आणि पोर्तो इथल्या मोठ्या जहाजांची नोंद करायची, प्रत्येकाच्या कमाईतला ठरावीक हिस्सा एका सामाईक पेटीत टाकायचा, आणि एखादं जहाज बुडालं की त्या पेटीतून भरपाई द्यायची. इथे घासाघीस नाही, निवड नाही. सगळ्यांना एकच दर, आणि नाव नोंदवणं सक्तीचं. पुढे पेद्रु द सांतारें नावाच्या पोर्तुगीज कायदेपंडिताने विमा आणि व्यापाऱ्यांच्या पैजा यांवर लॅटिनमध्ये ग्रंथ लिहिला. तो १५५२ मध्ये व्हेनिसला छापला गेला आणि विम्यावरचा पहिला स्वतंत्र ग्रंथ म्हणून त्याचं नाव घेतलं जातं. त्याला पडलेला मोठा प्रश्न असा, की दुसऱ्याची जोखीम पैसे घेऊन अंगावर घेणं ही सावकारी की जुगार? धर्माला ते चालेल का? ग्रंथ छापला गेला तेव्हा गोवा पोर्तुगीजांच्या ताब्यात येऊन चार दशकं उलटली होती आणि लिस्बन ते गोवा ही जहाजांची वाट जगातल्या सर्वांत जोखमीच्या वाटांपैकी एक होती. त्या वाटेवर फुटलेल्या जहाजांच्या कहाण्यांचे ग्रंथ पुढे लिस्बनमध्ये छापले गेले, इतक्या त्या होत्या.

आपल्या किनाऱ्यावरचे व्यापारीही काही हात जोडून बसले नव्हते. पश्चिम किनाऱ्यावर 'जोखमी हुंडी' चालत असे. साधी हुंडी म्हणजे पैसे देण्याची चिठ्ठी. जोखमी हुंडीत मात्र मेख अशी, की माल सुखरूप पोचला तरच हुंडी वटायची. गलबत बुडालं तर हुंडी विकत घेणाऱ्याचे पैसेही बुडाले. म्हणजे त्याने कर्जही दिलं आणि विमाही उतरवला, दोन्ही एकाच कागदावर. साहजिकच तो ती हुंडी कमी किमतीला घ्यायचा, आणि ती कमी किंमत किती, हे ऋतू, तांडेल आणि गलबताची अवस्था पाहून ठरायचं. पावसाळ्याच्या तोंडावर निघालेल्या गलबताच्या हुंडीला कोण चांगला भाव देणार?

तिसरी परंपरा लंडनची. सतराव्या शतकाच्या अखेरीस एडवर्ड लॉइड याच्या कॉफीच्या दुकानात जहाजवाले, व्यापारी आणि पैसेवाले जमत. दलाल हातात एक चिठ्ठी घेऊन टेबलाटेबलावर फिरायचा. अमुक जहाज, अमुक माल, अमुक प्रवास. तुम्ही काय दराने किती हिस्सा घ्याल? ज्याला पटेल तो चिठ्ठीच्या खाली सही करायचा. विमा उतरवणाऱ्याला इंग्रजीत 'अंडररायटर', खाली लिहिणारा, म्हणतात ते त्यामुळे. आज आपण संगणकावर गाडीचा नंबर टाकतो आणि पाच कंपन्यांचे आकडे खाली खाली येतात, ते लॉइडच्या दुकानातल्या त्या चिठ्ठीचंच काम. फक्त कॉफी आपली आपण करून घ्यायची.

तर एकीकडे राजा फेर्नांदुची पेटी, सगळ्यांना एकच दर. दुसरीकडे लॉइडची चिठ्ठी, टेबलागणिक वेगळा दर. भारतातल्या मोटार विम्याचा सगळा इतिहास म्हणजे या दोन टोकांमधला हेलकावा आहे, असं मला वाटतं. आणि आपल्या आजच्या पॉलिसीत ही दोन्ही टोकं एकाच कागदावर बसलेली आहेत.

मोटारी आल्या तेव्हा विमेवाल्यांकडे त्यांच्यासाठी शब्दही नव्हते. सुरुवातीच्या पॉलिसींत मोटारीला जमिनीवर चालणारं जहाज मानून मजकूर लिहिला गेला, असं लॉइड्‌सची मंडळी आपल्या इतिहासात सांगतात. समुद्रावरच्या जहाजाचं नुकसान झालं तर मालकाचं होतं. जमिनीवरच्या या जहाजाचं वैशिष्ट्य असं निघालं, की ते दुसऱ्यांचंच नुकसान जास्त करतं. रस्त्यावरून चालणारा माणूस मेला, कोर्टाने भरपाई ठरवली, आणि गाडीवाल्याच्या खिशात काही नाही, अशी प्रकरणं वाढत गेली. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्‌स राज्याने १९२७ पासून विमा सक्तीचा केला, आणि ब्रिटनने १९३० च्या कायद्याने. सक्ती कसली? तर स्वतःच्या गाडीची नव्हे, तिऱ्हाइताच्या जिवाची. 'थर्ड पार्टी' हा शब्द आपल्या तोंडी इतका बसला आहे की त्यातला तो तिऱ्हाईत माणूस आपल्याला दिसतच नाही. गाडीमालक पहिला, विमा कंपनी दुसरी, आणि ज्याचा या कराराशी काही संबंध नाही, जो सकाळी पाव घ्यायला रस्ता ओलांडत होता, तो तिसरा.

ब्रिटिश हिंदुस्थानात १९३९ चा मोटार वाहन कायदा आला, पण त्यातलं विम्याच्या सक्तीचं प्रकरण युद्धाच्या धामधुमीत मागे राहिलं आणि १ जुलै १९४६ पासून अमलात आलं. गोव्यात तेव्हा पोर्तुगीज राज्य. पत्रादेवीच्या पलीकडे एक कायदा, अलीकडे दुसरा. (गाड्या मात्र दोन्हीकडे डावीकडूनच चालत. पोर्तुगालने १९२८ मध्ये रस्त्याची बाजू बदलून उजवी केली, पण गोव्याला शेजारच्या मुलखाप्रमाणे डावीच ठेवली. एरवी लिस्बनचा शब्द प्रमाण मानणाऱ्या सरकारने इथे शहाणपण दाखवलं म्हणायचं!) १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला, मग भारतीय कायदे टप्प्याटप्प्याने लागू झाले, त्यांत मोटार कायदाही आला आणि त्याबरोबर तिऱ्हाइताच्या विम्याची सक्तीही. यातली गंमत पुढे आहे. खुद्द पोर्तुगालमध्ये सर्व मोटारींना हा विमा सक्तीचा करणारा कायदा १९७९ मध्ये झाला आणि १९८० च्या आरंभापासून लागू झाला. ज्या देशाच्या राजाने चौदाव्या शतकात जहाजांना सक्तीची पेटी लावली, त्या देशातल्या मोटारवाल्यांना ती लागायला विसावं शतक सरत आलं. या एका बाबतीत गोवा लिस्बनच्या पुढे होता.

भारतातल्या कंपन्यांची कथा थोडक्यात सांगतो. कलकत्त्यात १८५० मध्ये ट्रायटन कंपनी निघाली, मुंबईत १९०७ मध्ये इंडियन मर्कंटाइल, आणि १९१९ मध्ये दोराबजी टाटांची न्यू इंडिया. स्वातंत्र्यानंतर कंपन्यांची गर्दी झाली. दरांची स्पर्धा इतकी होऊ नये की कंपन्याच बुडाव्यात, म्हणून १९६८ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून दर ठरवणारी सल्लागार समिती, म्हणजे टॅरिफ अॅडव्हायझरी कमिटी, नेमली गेली. १९७१ मध्ये सरकारने साधारण विम्याचा कारभार ताब्यात घेतला आणि १ जानेवारी १९७३ पासून १०७ कंपन्या मिळून चार सरकारी कंपन्या उरल्या: नॅशनल, न्यू इंडिया, ओरिएंटल आणि युनायटेड इंडिया. चौघींचे दर एकच. टॅरिफ समितीने छापलेल्या पुस्तकात जे लिहिलं तेच. राजा फेर्नांदुची पेटी पुन्हा उघडली म्हणा ना.

माझ्या थोरल्या काकांची फियाट होती, 'जीडी'ने सुरू होणाऱ्या जुन्या पाटीची. त्यांच्या विम्याचे कागद आमच्या घरी अजून आहेत. कार्बन ठेवून टाइप केलेले, निळसर झालेले, शिक्क्यावर शिक्का. त्या कागदांत मला सगळ्यांत बोलकी वाटते ती एक गोष्ट: वर्षामागून वर्ष कंपनी बदलल्याची एकही खूण नाही. काकांना कुणी विचारलं तर ते म्हणायचे, 'भाव सगळ्यांचो एकूच. हांव मनीस पळयतां.' खरंच होतं ते. भाव एकच असेल तर तुलना करायची कशाची? एजंट वेळेवर आठवण करतो का, अपघात झाला तर म्हापशाहून येऊन उभा राहतो का, सर्व्हेयरशी बोलतो का, एवढंच बघायचं. काकांचा एजंट दर चवथीला घरी यायचा. विम्याचा भाव दुकानावर टांगलेला होता आणि विम्याचा दर्जा माणसावर अवलंबून होता.

अर्थात भाव एकच असला तरी खरा भाव एकच नसायचा. एजंट आपल्या कमिशनातले थोडे पैसे गिऱ्हाइकाला परत करायचा. हे सगळीकडे चालायचं आणि सगळ्यांना ठाऊक होतं. पण १९३८ च्या विमा कायद्याच्या ४१ व्या कलमाने या 'रिबेट'ला बंदी आहे. देणाराही दोषी, घेणाराही दोषी. मूळ दंड ५०० रुपये होता. २०१५ च्या दुरुस्तीने तो १० लाख रुपयांपर्यंत गेला. म्हणजे जी सवलत कंपनी अधिकृतपणे पॉलिसीत दाखवते ती कायदेशीर, आणि जी एजंट आपल्या खिशातून, हळूच, पाकिटात घालून देतो ती गुन्हा. 'पात्रांव, तुका म्हणून दितां' असं म्हणून पुढे आलेल्या पाकिटाची ही कायदेशीर किंमत आहे.

१९९३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे माजी गव्हर्नर आर. एन. मल्होत्रा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. १९९४ च्या तिच्या अहवालाने खाजगी कंपन्यांसाठी दार उघडण्याची शिफारस केली. १९९९ चा कायदा झाला, विमा नियामक 'इर्डा' उभा राहिला, २००० पासून खाजगी कंपन्या आल्या. पण एक लक्षात घ्या: कंपन्या आल्या तरी मोटारीचे दर पुस्तकातलेच राहिले. १ जुलै २००२ पासून लागू झालेलं 'इंडिया मोटर टॅरिफ' हे त्या पुस्तकाचं शेवटचं मोठं रूप. ते चाळताना मला नेहमी जुन्या जमीन महसुलाच्या आकारणीची आठवण येते, तितकं ते बारीक आहे. देशाचे दोन भाग. 'अ' विभागात आठ शहरं: मुंबई, पुणे, दिल्ली, कोलकाता, चेन्नई, बंगळूर, हैदराबाद आणि अहमदाबाद. उरलेला सगळा देश 'ब'. गोवा अर्थातच 'ब' मध्ये. पाच वर्षांच्या आतल्या, १००० ते १५०० सीसीच्या खाजगी गाडीला 'अ' मध्ये किमतीच्या ३.२८३ टक्के दर आणि 'ब' मध्ये ३.१९१ टक्के. चार लाखांच्या गाडीला मुंबईत १३,१३२ रुपये, पणजीत १२,७६४. फरक ३६८ रुपयांचा. मुंबईच्या गर्दीत आणि आपल्या रस्त्यांवर जोखमीचा फरक एवढाच, असं त्या पुस्तकाचं म्हणणं. आपल्या वळणांकडे, रात्री रस्त्यात बसणाऱ्या गुरांकडे आणि मडगाव-पणजी वाटेवरच्या वेगाकडे पाहिलं तर समितीने गोव्याला फार मोठी सूट दिली नाही हे बरंच केलं, असं म्हणावं लागेल.

याच पुस्तकाने 'आयडीव्ही' आणली, म्हणजे गाडीची विमा उतरवलेली घोषित किंमत. तोवर गाडी चोरीला गेली की त्या दिवशीची बाजारातली किंमत काय, यावर वाद घालत बसावं लागे. २००२ पासून किंमत पॉलिसी काढतानाच ठरू लागली: गाडी बनवणाऱ्याच्या यादीतली किंमत, वजा घसारा. सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४०, पाचपर्यंत ५०. त्यापुढची किंमत कंपनीने आणि मालकाने आपसांत ठरवायची.

आणि सवलती? त्याही पुस्तकात मोजून मापून दिलेल्या. दावा न केल्याचा बोनस, ज्याला सगळे 'एनसीबी' म्हणतात, पहिल्या वर्षाअखेर २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि शेवटी ५०. ही शिडी पुढेही टिकली. चोरी रोखणारं मान्यताप्राप्त यंत्र बसवलं तर अडीच टक्के, पण ५०० रुपयांच्या वर नाही. ऑटोमोबाइल असोसिएशनचं सदस्यत्व असेल तर ५ टक्के, पण २०० च्या वर नाही. अपंग व्यक्तीसाठी खास बनवलेल्या गाडीला निम्मा दर. विंटेज गाडीला पाव सूट. नुकसानीतला पहिला काही भाग आपण स्वतः सोसायची तयारी दाखवली तर आणखी सूट: १५,००० रुपये सोसायला तयार असाल तर ३५ टक्के, पण २,५०० च्या वर नाही. मघाच्याच चार लाखांच्या गाडीला ३५ टक्के म्हणजे साडेचार हजारांच्या आसपास होतात, पण हातात पडायचे अडीच हजार. १५,००० ची जोखीम अंगावर घेऊन वर्षाला अडीच हजार वाचवायचे. सहा वर्षं एकही मोठा अपघात झाला नाही तर हिशेब जुळला. जोखमी हुंडी विकत घेणारा व्यापारी हाच हिशेब करायचा, फक्त त्याच्यापुढे गलबत होतं.

एनसीबीबद्दल एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. तो बोनस गाडीचा नाही, माणसाचा आहे. गाडी विकली तर बोनस तिच्याबरोबर जात नाही. कंपनीकडून तसं पत्र घेऊन ठेवलं तर तीन वर्षांत नव्या गाडीला तो लावता येतो. कंपनी बदलली तरी तो आपल्याबरोबर येतो. मात्र पॉलिसी संपून ९० दिवस उलटले की तो गेला. गोव्यात गाड्या पाच-सहा वर्षांनी बदलण्याची हौस आहे आणि जुनी गाडी देताना लोक टेपरेकॉर्डर काढून घ्यायला विसरत नाहीत. बोनसचं पत्र मात्र कुणी मागत नाही. निम्म्या हप्त्याची वस्तू अशी विकत घेणाऱ्याच्याही हाती न लागता विरून जाते.

मग आलं १ जानेवारी २००७. या दिवशी दरांचं पुस्तक मिटलं. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा, म्हणजे 'ओन डॅमेज'चा दर ज्या त्या कंपनीने ठरवायचा. काकांचं वाक्य त्या दिवशी जुनं झालं. लॉइडची चिठ्ठी पुन्हा टेबलाटेबलावर फिरू लागली. पण अर्ध्याच विम्याची. तिऱ्हाइताचा दर तेव्हाही मोकळा सोडला नाही. तो आधी नियामकाने ठरवला, नंतर केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने नियामकाशी सल्लामसलत करून. २००७ मध्ये १००० ते १५०० सीसीच्या गाडीला तो वर्षाला ८०० रुपये होता. १ जून २०२२ पासून तो ३,४१६ झाला. १००० सीसीपर्यंत २,०९४, १५०० च्या वर ७,८९७. विजेवर चालणाऱ्या गाडीला यात १५ टक्के सूट, विंटेज गाडीला ५० टक्के.

८०० चे ३,४१६ का झाले? कंपन्यांच्या हावरेपणाने, असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. मला ते पटत नाही. तिऱ्हाइताच्या मृत्यूला किंवा जखमेला भरपाईची कमाल मर्यादा नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००९ च्या सरला वर्मा निकालात भरपाई काढण्याची रीत पक्की केली: मृताचं वार्षिक उत्पन्न घ्यायचं, त्याचा स्वतःवरचा खर्च वजा करायचा, आणि वयाप्रमाणे ठरलेल्या आकड्याने गुणायचं. तिशीतल्या माणसाला तो आकडा १५-१६ च्या घरात येतो. २०१७ च्या प्रणय सेठी निकालाने पुढच्या उत्पन्नवाढीचा हिशेब स्वतःचा धंदा करणाऱ्यांनाही लागू केला. म्हणजे मेलेल्या माणसाच्या घरच्यांना पूर्वीपेक्षा न्याय्य रक्कम मिळू लागली, आणि ती कुणाच्या तरी हप्त्यातूनच येणार. हा दर महागला त्याचं मला दुःख नाही. दुःख याचं, की हा दर कोणत्याही कंपनीत तोच असताना लोक 'आमच्याकडे थर्ड पार्टी स्वस्त' या बोलण्याला भुलतात. एका दुकानात स्वस्त आणि दुसऱ्यात महाग अशी ती वस्तूच नाही. तुलना करायचीच तर तिच्या बाहेरच्या भागाची करायची.

आणि त्या बाहेरच्या भागात कसे आकडे फिरतात ते पाहा. दोन वर्षांपूर्वी मी आमच्या गाडीसाठी तीन ठिकाणचे भाव मागवले. सर्वांत स्वस्त भाव इतरांपेक्षा बराच खाली होता. कागद उलटून पाहिला तर आयडीव्हीच खाली आणलेली. जुन्या टॅरिफच्याच दराने मांडतो म्हणजे कळेल: चार लाखांच्या गाडीला १२,७६४, तीच गाडी तीन लाख वीस हजारांची धरली की १०,२११. अडीच हजार वाचले. पण गाडी चोरीला गेली तर ८०,००० कमी मिळणार. ही सवलत नव्हे, कमी मापाने दिलेला माल आहे. शेर छोटा करून तांदूळ स्वस्त विकावेत तसं. म्हणून भाव मागवताना तिन्ही ठिकाणी आयडीव्ही एकच धरायला सांगायची, जादा कलमंही तीच मागायची, आणि मगच आकडे शेजारी शेजारी ठेवायचे. घसारा न कापण्याचं कलम ('झिरो डेप') एकात आहे आणि दुसऱ्यात नाही, तर ती तुलनाच नाही. कारण साध्या पॉलिसीत रबर, प्लास्टिक, टायर, बॅटरी यांवर ५० टक्के कापले जातात, आणि आजच्या गाड्यांचा पुढचा अर्धा भाग प्लास्टिकचाच असतो.

दावा करावा की नाही, हाही त्याच हिशेबातला प्रश्न. ४५ टक्के बोनसवर असलेल्या माणसाचे वर वापरलेल्या दराने वर्षाला ५,७४४ रुपये वाचत असतात. गेटला घासून बंपर गेला, दुरुस्ती ६,००० ची, त्यातला प्लास्टिकचा निम्मा भाग कापला, वर सक्तीचे हजार आपल्या खिशातून. मिळणार दोन हजार आणि बोनस शून्यावर. अशा वेळी गॅरेजवाला 'क्लेम घालया मरे' म्हणाला तरी नको म्हणावं. त्याचं बिल निघतं, आपला बोनस जातो.

जुलै २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक आदेश दिला. रस्त्यावर विमा नसलेली वाहनं फार, पहिल्या वर्षानंतर लोक नूतनीकरणच करत नाहीत, म्हणून १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीला तीन वर्षांचा आणि दुचाकीला पाच वर्षांचा तिऱ्हाइताचा विमा विकत घेतानाच घ्यायचा. वर्षभराने, १ सप्टेंबर २०१९ पासून, स्वतःच्या नुकसानीची पॉलिसी वेगळीही काढता येऊ लागली. म्हणजे तिऱ्हाइताचा विमा एका कंपनीचा, स्वतःच्या गाडीचा दुसरीचा. फेर्नांदुची पेटी आणि लॉइडची चिठ्ठी आता दोन वेगळ्या कागदांवर. तरी शोरूममधला तरुण दोन्ही एकत्रच पुढे करतो आणि आपण नव्या गाडीच्या आनंदात सही करतो. शोरूमनेच सुचवलेला विमा घ्यायलाच हवा, असं कुठल्याही कायद्यात नाही.

आपल्यातले बरेच जण पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडात स्विंडनला गेले. त्यांना या तुलनेचं नवल नाही. तिकडे २००२ मध्येच मोटार विम्याचे भाव शेजारी शेजारी मांडणारी पहिली सेवा कार्डिफहून सुरू झाली. पण तिथे एक वेगळाच रोग निघाला: जुन्या, इमानदार गिऱ्हाइकाला दरवर्षी थोडा थोडा जास्त भाव, आणि नव्याला सूट. अखेर तिथल्या नियामकाने १ जानेवारी २०२२ पासून नियम केला, की नूतनीकरणाचा भाव नव्या गिऱ्हाइकाला दिल्या जाणाऱ्या भावापेक्षा जास्त असता कामा नये. काकांसारखी माणसं स्विंडनला असती तर त्यांच्या इमानदारीचा दंड त्यांनी वर्षानुवर्षं भरला असता.

भारतात जुलै २०२२ मध्ये नियामकाने 'जितकी चालवाल तितका हप्ता' आणि 'जशी चालवाल तसा हप्ता' या जादा सोयींना परवानगी दिली. आठवड्यातून एकदा बाजाराला आणि वर्षातून एकदा जत्रेला निघणाऱ्या गाड्या गोव्यात घरोघर आहेत. त्यांच्या मालकांनी भाव मागवताना हे विचारून पाहण्यासारखं आहे.

पण गोव्यातला खरा घोर दुसराच आहे, आणि तो स्वस्ताईशी जोडलेला आहे. खाजगी नंबराची, पांढऱ्या पाटीची गाडी पर्यटकांना दिवसाच्या भाड्याने देणं हा किनाऱ्याकडचा उघड धंदा. भाड्याच्या गाडीला काळी पाटी लागते, परवाना लागतो, विम्याचा दरही वेगळा आणि जास्त. तो वाचवण्यासाठी गाडी खाजगीच ठेवतात. खाजगी गाडीच्या पॉलिसीत 'वापराची मर्यादा' म्हणून एक परिच्छेद असतो. भाडं घेऊन वापरल्यास संरक्षण नाही, असं त्यात लिहिलेलं असतं. पर्यटकाने रात्री कुणाला उडवलं, की स्वतःच्या गाडीचा दावा कंपनी नाकारते. तिऱ्हाइताच्या बाबतीत मडगाव-पणजीच्या न्यायाधिकरणांपुढे वर्षानुवर्षं प्रकरण चालतं. कधी कंपनीने आधी भरपाई द्यावी आणि मग ती मालकाकडून वसूल करावी असा आदेश होतो, कधी कंपनी सुटते आणि सगळा बोजा मालकावर येतो. मालक म्हणजे पुष्कळदा कर्जाने गाडी घेतलेला गावातला मुलगा. आणि तो तिसरा माणूस, किंवा त्याच्या घरची मंडळी, वकिलाबरोबर बाकावर बसून पुढची तारीख ऐकत असतात.